गेरूनं लिहिलेला आठवडा

आमच्या आत्याच्या माळावर श्रावणात ढग इतके खाली येतात, की नुसतं उभं राहिलं तरी टोपी ओली होते. खोटं वाटत असेल तर कोरडी टोपी घालून या. त्या वर्षी मी त्या ढगातच मुक्कामाला होतो म्हणा ना. दुपारी छपरात आडवं झालं की समोरचा उघडा माळ हलके हलके हिरवा व्हायचा, सीताफळांनी लदबदायचा, आणि एकेक फळ डोळे उघडून माझ्याकडं बघायचं. जाग आली की समोर नुसते दगड, आणि वळचणीला पिशव्यांतली पाचशे रोपं.

रोपं आत्याची. रस्ता रुंद करताना तिच्या बांधावरचं जुनं सीताफळ गेलं. ते एवढं गोड होतं, की त्याच्या सावलीत बसणाऱ्याच्या चहात साखर घालावी लागत नसे. त्याच्या शेवटच्या फळांच्या बिया आत्यानं राखल्या, वर्षभर तांब्या-तांब्यानं पाणी घालून रोपं वाढवली. आता मुळ्या पिशव्या फोडून बाहेर आल्या होत्या. ओल आहे तोवरच त्या मातीत जायला हव्यात. माळ एकदा वाळला की पहार वाकते, माळ वाकत नाही. आणि रोपं गेली की ते झाडही कायमचं गेलं. बी उरलंच नव्हतं.

काम मी अंगावर घेतलं, कारण नुकतंच तालुक्याला प्रकल्प नियोजनाचं दोन दिवसांचं शिबिर करून आलो होतो. गेलो होतो जेवणासाठी, पण थोडं ज्ञानही अंगाला चिकटलं. काय साधायचं, कामं कोणती, कोण करणार, कधी, आणि काय बिघडू शकतं. छपराच्या मागच्या भिंतीवर मी गेरूनं चौकटी आखल्या. सोमवारी चौघांनी खड्डे घ्यायचे, मंगळवारी दुसऱ्या चौघांनी. गुरुवारी मोटारवाल्या चाचांनी पाइप जोडायचा. शनिवारपर्यंत सगळी लागवड. धोक्याच्या चौकटीत बराच विचार करून लिहिलं, ‘वानरं’. तक्ता एवढा लांब झाला की सोमवारपासून शनिवारपर्यंत चालत जाताना मला दोनदा तहान लागली.

“भिताड कावून रंगवायलास?” आत्या मागून म्हणाली. “पोळ्याला बैलासाठी ठिवलेला गेरू हाय त्यो.”

“आत्या, ह्याला नियोजन म्हणतात.”

“म्हनत असतील. बैलाला काय लावू?”

तक्त्याचा फोटो मी गावाच्या ग्रुपवर टाकला. भराभर अंगठे आले. सोमवारी माणूस आलं नाही. मंगळवारीही नाही. मी छपरात पडून राहिलो. माळ हिरवा होत राहिला, विझत राहिला.

बुधवारी चाचा आले. गावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून देतात, आत्याचे मानलेले भाऊ.

“मला बेस्तवारी बोलावलंस,” ते टेकत म्हणाले. “म्हंजे सोमवारी मी मेलतो का बे?”

“चाचा, तुमचं काम मोटारीचं. खड्ड्यांचं नाही.”

“आनि ज्येला शनिवार दिला, त्यो म्हनतो, आमी काय उरलंसुरलं हाव? सोमवारवाले म्हनतेत, आमी चौघंच लई रिकामे दिसलोत का? इर्जिक हाय का सरकारी हजेरी?”

इर्जिक म्हणजे एकाच्या रानात एके दिवशी अख्खं गाव राबतं, बदल्यात फक्त जेवण. बोलावणं घरोघर जातं, सगळ्यांना एकदम. हे मला पाळण्यापासून ठाऊक. दोन दिवस परक्या ताटात जेवलो आणि विसरलो.

आत्यानं एक पिशवी उचलून दाखवली. “पानं टाकायलेत,” एवढंच म्हणाली. मग डोक्यावर पदर घेऊन निघाली. प्रत्येक दारात तेच बोलणं, “उद्या समदे या. शेंगोळी करायलेय.” मी मागं मागं, कुणाकडं न बघता.

गुरुवारी ढगातून आधी पहारी आल्या, मग हात, मग माणसं. सगळ्यात पुढं चाचा, खांद्यावर कुदळ. “मोटारीचं सांजच्याला बघू,” म्हणाले आणि पहिला खड्डा त्यांनीच घेतला. कुदळींचा नाद पलीकडच्या नांदूरघाट गावापर्यंत गेला. पिढ्यान्पिढ्या वाट पाहिलेली रेल्वे एकदाची आली असं वाटून तिथले दोघं कपड्यांच्या पिशव्या घेऊन वेशीत येऊन थांबले होते. मी कुठं होतो? रोपं वाहत होतो. ते काम तक्त्यात मी कुणालाच दिलेलं नव्हतं. वानरं आली नाहीत. त्यांनाही बोलावणं गेलं नसावं.

शेंगोळी खाऊन उठेपर्यंत वळचण रिकामी झाली. पानं टाकणारं ते रोप आत्यानं शेवटी स्वतः लावलं, पायानं माती दाबली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.

पोळ्याच्या सकाळी तिनं माझ्या हातात ओलं फडकं दिलं. “पूस भिताड. समदा गेरू उतरला पायजे.”

मी सोमवारपासून शनिवारपर्यंत पुसत गेलो, आणि आत्या ते फडकं बैलांच्या अंगावर दाबत गेली. संध्याकाळी मिरवून आलेले बैल माळावर रोपांच्या ओळींतून चालले होते. सीताफळाच्या पाल्याला गुरं तोंड लावत नाहीत. पानं गाळलेल्या त्या शेवटच्या रोपालाही दोन कोवळी पानं फुटली होती. मी छपरात आडवा झालो, डोळा लागला. जाग आली तेव्हा बैल अजून चालतच होते, माझा मंगळवार पाठीवर घेऊन, आणि माळावर हिरवं होतं. मी डोळे चोळले. ते तिथंच राहिलं.