पत्रूमामाचा सातवा डबा

उस्मान शेखने मला फसवलं. एक-दोन दिवस नाही, एकोणीस वर्षं फसवलं, आणि जाब विचारायची वेळ आली तेव्हा चाकणच्या कबरस्तानात जाऊन झोपला. त्याला आता दोन महिने होतील. गेलेल्या माणसाबद्दल जरा सांभाळून लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी मला सुचवलं. मी म्हटलं, सांभाळून बोलायची सवय मला असती तर मी आयुष्यात काही कमावलं नसतं. जे झालं ते लिहितो. छापायचं तर छापा.

बातमी आली तेव्हा मी भोसरीत एका बंद पडलेल्या कारखान्यात जुन्या लेथ मशीनचा सौदा करत होतो. चाकणहून आलेल्या एका ड्रायव्हरने सांगितलं, "उस्मानभाई गेले, सकाळीच." मी मान हलवली आणि सौदा पुढे चालू ठेवला. समोरचा माणूस जरा नरमला होता, तेवढ्यात आणखी दाबून घेतलं. मशीन टेम्पोत चढलं, आणि मग मी तिथल्याच एका रिकाम्या पेटीवर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. त्याच्याशी मी वर्षभर एक शब्द बोललो नव्हतो.

आमची ओळख पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षीची. मी महाळुंग्याचा, चौथी शिकलेला, चिंचवडला एका फाउंड्रीत वाळू चाळायचं काम सोडून भंगाराच्या धंद्यात शिरलेला. मुंबईहून भंगार आणताना कळलं की जुने, झिजलेले पिक्चर तिथे वजनावर विकतात. बांगड्या करणारे लोक ती फिल्म घेऊन जातात. मला वाटलं, बांगड्या कशाला? चिंचवडच्या अलीकडे माझं एक पत्र्याचं शेड रिकामं पडलं होतं. कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, कामगार गावाकडून एकटे आलेले, दुपारी खोलीवर झोपून कंटाळलेले. शेडच्या फटींना गोणपाट ठोकलं, एक जुनं प्रोजेक्टर घेतलं, आणि ते चालवायला माणूस शोधायला लागलो. तर चाकणचा उस्मान मिळाला. हा तरुणपणी देहूरोडच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांना पिक्चर दाखवायचा. मशीन त्याला पाठ आणि इंग्रजी कळायचं. मला तेवढंच पाहिजे होतं. इंग्रजी कळणाऱ्या माणसावर किती विश्वास ठेवावा, ते तेव्हा माहीत नव्हतं.

वजनावर घेतलेल्या त्या ढिगात रॉकेटचा पिक्चर होता. काळापांढरा, परदेशी, दहा डबे, एकेका डब्यात एक रीळ. डबे मी स्वतः काट्यावर चढवून आणले होते. आवाजाची पट्टी इतकी झिजलेली की सगळे नट तोंडात पाणी धरून बोलल्यासारखे वाटायचे. त्यावर उस्माननेच तोड काढली. पत्रा वळवून त्याने एक कर्णा केला, आणि केबिनच्या झरोक्यातून तो पडद्यावरची गोष्ट मराठीत सांगायला लागला. आता हा कप्तान. हे त्याचं रॉकेट, बिघडलंय, लाल ग्रहावर उतरावं लागलंय. आणि हा त्यांच्याबरोबरचा पत्र्याचा माणूस, याचं नाव पत्रूमामा. हे नाव ऐकून पहिल्या दिवशी शेड हसलं, आणि तासाभराने त्याच शेडमध्ये मोठमोठे फिटर-टर्नर डोळे पुसत होते. कारण रॉकेट उडायच्या वेळी कोणीतरी बाहेर राहून झडप धरून ठेवायची होती, आणि उस्मानच्या कर्ण्यातून पत्रूमामा बोलला, "दार लावा, कप्तान. मी थांबतो."

तिथे पिक्चर तुटायचा. सहावा डबा संपला की एकदम आठवा. सातवा नव्हताच. मी पुन्हा पुन्हा मोजले, नऊच भरले. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मुंबई गाठली आणि त्या व्यापाऱ्याला त्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या समोर चोर म्हटलं. तो मुलाबाळांची शपथ घेऊन सांगत होता की डबे दहाच्या दहा दिले. मी हटलो नाही. शेवटी त्रासून त्याने त्याच पिक्चरचा दुसरा भाग माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाला, जा बाबा एकदाचा. मी विजयी होऊन परतलो. ही हकिगत मी पुढे कितीतरी लोकांना ऐकवली आहे. ऐकवताना उस्मान शेजारी असायचा. तो कर्ण्याचं तोंड फडक्याने पुसत राहायचा.

दुसरा भाग तर आणखी फाटका. पण त्यात कप्तान परत लाल ग्रहावर जातो. पत्रूमामा धुळीत अर्धा बुडालेला उभा. कप्तान त्याच्याकडे चालत येतो, हातात लांब नळीचं काहीतरी. पडद्यावर ओरखडेच इतके की काय ते कळायचं नाही. उस्मान आवाज खाली आणायचा. "कप्तानाच्या हातात ऑइलकॅन हाय. मामाचे सांधे गंजलेत, त्यात तेल घालायला आलाय. उशीर झाला, पण आलाय." आणि तिथेच फिल्म संपायची. लोक शिट्ट्या मारायचे. शिफ्टभर मशीनला तेल देणारी माणसं ती. त्यांना याहून मोठी मैत्री कोण दाखवणार होतं? काही जण घरी पोरांना झोपवताना ही गोष्ट सांगायचे. तुमच्यापैकी कोणी त्या काळी पिंपरी-चिंचवडला कामाला असाल तर तुमच्याही कानावर आली असेल.

मग शेडला आग लागली. हे मी कधी कुठे सांगितलेलं नाही, पण आता लिहायला बसलोच आहे... त्या गुरुवारी भलताच कुठला पिक्चर चालू होता. केबिनमध्ये फिल्म अडकली आणि भडकली. जुनी फिल्म पेट्रोलसारखी पेटते. मी केबिनच्या दाराशी उभा होतो. दार मी ओढून घेतलं. दार उघडं राहिलं असतं तर आग गोणपाटाला लागली असती आणि आत माणसं खच्चून भरलेली होती. ती सगळी बाहेर पडली, कोणाला साधा ओरखडा नाही. उस्मान आतून कर्ण्यावर सांगत होता, डावीकडचं दार धरा, ढकलू नका. शेवटी लोकांनी मागचा पत्रा उचकटून त्याला काढला. डावा हात आणि मानेची एक बाजू भाजली होती. पिक्चरचे सगळे डबे गेले.

लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, उस्मानच आतून म्हणाला, "दार लावा, शेठ." सगळ्यांना पटलं. पटणारच, सहा वर्षं दर दोन-चार महिन्यांनी ते हेच वाक्य ऐकत होते. मी ते आगीत ऐकलं की शेडमध्ये आधी ऐकलेलं मला आठवलं, हे मी तेव्हा तपासत बसलो नाही. कडी मी घातली होती की नुसतं दार ओढलं होतं, तेही नाही.

दवाखान्यात मी गेलो नाही. धंद्याची धावपळ होती, असं मी घरी सांगायचो. दीड महिन्याने तो चाकणला घरी आला तेव्हा गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं? फळं घेऊन जाणं मला नाटकी वाटलं. निघता निघता गोदामातलं एक लांब नळीचं ऑइलकॅन उचललं, घासून लख्ख केलं, आणि नेऊन त्याच्या खाटेशी ठेवलं. उस्मानने त्याच्याकडे पाहिलं. मग हसला आणि म्हणाला, "आलात का, कप्तान?" रुकय्यावहिनी, म्हणजे त्याची बायको, चहा घेऊन आली. आम्ही कांद्याबटाट्याच्या भावाबद्दल बोललो. माझ्या मनावरचं ओझं त्या दिवशी उतरलं. सगळं मिटलं, असं मी समजलो.

पुढे शेड मी मोडलं. उस्मानने चाकणला रेडिओ आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. दोन बोटं वाकत नसतानाही त्याचा हात असा की लोक निघोज्यापासून मोटार खांद्यावर घेऊन यायचे. मी तिकडून जाताना थांबायचो. तो मला शेठ म्हणायचा, मी त्याला भोंगा म्हणायचो. तेरा वर्षं अशी गेली.

आणि गेल्या साली पिंपरीच्या नव्या थेटरात रॉकेटचा तिसरा भाग लागला. रंगीत, हिंदीत. मी जुन्या शेडवाल्यांना गोळा केलं, बायकापोरांसकट टेम्पोत भरलं आणि घेऊन गेलो. उस्मानला म्हटलं चल, तर तो म्हणाला डोळे दुखतात.

जुना आणि नवा यांची तुलना करायची तर आधी नव्याचं जे चांगलं ते सांगतो, खोटं बोलायचं नाही. जुन्यात रॉकेटला बांधलेली तार दिसायची आणि आकाशाच्या कापडाला सुरकुती होती. नव्यात रॉकेट असं येतं की खुर्ची हादरते. लाल ग्रह खरोखर लाल. पत्रूमामा तिप्पट उंच, डोळ्यांत दिवे. पण तो परत आला आहे तो सूड घ्यायला! एकेका जुन्या सोबत्याला शोधून त्याच्या दाराशी उभा राहतो आणि दार ठोकतो. का, तर मध्येच जुन्या भागातला तुकडा काळ्यापांढऱ्यात दाखवतात. रॉकेट उडतंय, पत्रूमामा बाहेरून दोन्ही हातांनी दार बडवतोय, आणि आत कप्तान घाईघाईने कडी लावतोय. पुढे तोच धुळीतला प्रसंग, यावेळी स्वच्छ, ओरखड्याविना. कप्तानाच्या हातात बंदूक.

थेटरात आमच्या लोकांनी आरडाओरडा केला. बाहेर आल्यावर एक म्हातारा फिटर मला म्हणाला, "शेठ, हा आपला मामा न्हाई." मी म्हटलं, अर्थात नाही. नव्या लोकांनी जुन्याची माती केली आहे. मी तसाच चाकणला उस्मानच्या दुकानात गेलो.

"काय नासवून ठेवलंय राव त्यांनी," मी म्हणालो. "मामा बाहेरून दार बडवतोय असं दाखवलंय."

उस्मान एका रेडिओच्या तारेला डाख देत होता. त्याने मान वर केली नाही. "बडवतच व्हता, शेठ."

"कुठे बडवत होता? मी पन्नासदा पाहिलाय."

"तुम्ही सहाव्या डब्यापर्यंत पाहिलाय. सातवा माझ्याकडं हाय."

मी विचारलं, "आणि ऑइलकॅन?"

"बंदूकच व्हती ती."

मग त्याने सांगितलं. पहिल्या दिवशी एकट्याने पिक्चर लावून पाहिला तेव्हाच त्याने सातवा डबा काढून घरी नेला. दिवसभर ज्या मशीनजवळ उभं राहायचं, त्याला माणूस असं वागवतो हे सुट्टीच्या दिवशी कशाला दाखवायचं, लोक कप्तानाला शिव्या घालत घरी जातील आणि पुढच्या गुरुवारी येणार नाहीत. मी वजनावर घेतलेला माल, तो त्याला लोकांनी बघण्याजोगा करायचा होता. नव्या पिक्चरने काही नासवलं नाही, म्हणाला. पहिल्यापासून तो असाच होता.

मी भडकलो. गिऱ्हाइकं होती, तरी त्याला लबाड म्हटलं. मुंबईच्या त्या व्यापाऱ्यावरून भांडलो. एका निरपराध माणसाला माझ्या तोंडून चोर म्हणवलंस, असं ओरडलो. उस्मान हातातली डाखणी थंड होईपर्यंत ऐकत राहिला. मला मात्र त्या व्यापाऱ्याचं काही पडलं नव्हतं. मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते विचारायला मला आगीबद्दल बोलावं लागलं असतं. म्हणून मी दुकानाच्या पायऱ्या उतरलो आणि पुन्हा चढलो नाही. तो नवा पिक्चर मात्र त्यानंतर एकट्याने चारदा पाहिला. आता तो मला जुन्यापेक्षा खरा वाटतो, आणि त्यामुळेच जास्त राग येतो.

त्याच्या चाळिसाव्या दिवशी घरी गेलो. वहिनींनी आतून एक डबा आणून दिला. झाकणावर खडूने सात लिहिलेला. "हे तुमचं हाय म्हणाले होते, भाऊ. तुमी याल तवा द्या म्हणाले." आमच्या दोन्ही पिक्चरमधलं शिल्लक राहिलेलं एवढंच. चालवायला प्रोजेक्टर नाही आणि धीरही नाही.

निघताना दुकानात डोकावलो. कामाच्या टेबलाच्या वर, हाताशी येईल अशा खिळ्याला, माझं ऑइलकॅन टांगलेलं होतं. काढून हलवलं. भरलेलं होतं. नळीच्या टोकाशी तेलाचा थेंब, बाहेर पुसून लख्ख. वहिनी म्हणाल्या, दर गुरुवारी ते पुसायचे आणि भरून ठेवायचे. वापरायचे दुसरंच, हे न्हाई. कशाला, ते कधी सांगितलं न्हाई.

मी ते जागेवर टांगून आलो. तेव्हापासून एकच हिशेब लागत नाही. मी खाटेशी ते ऑइलकॅन ठेवलं तेव्हा सातवा डबा त्याच खोलीत कुठेतरी होता. मला माहीत नव्हतं, पण उस्मानला माहीत होतं की गोष्टीतल्या कप्तानाच्या हातात काय होतं. दार कोणी लावलं आणि आतून कोणी काय म्हटलं किंवा म्हटलं नाही, हे तर फक्त आम्हा दोघांनाच माहीत. तरी तो हसला. तरी तेरा वर्षं त्याने मला चहा पाजला. ती माफी होती, की सहाव्या डब्यानंतर एकदम आठवा जोडायची त्याची जुनी सवय?

उस्मान, तू आतून "दार लावा" म्हणाला होतास की दार बडवत होतास? आणि त्या दिवशी मी तुझ्या खाटेशी आलो तेव्हा माझ्या हातात तुला काय दिसलं? आयुष्यभर दुसऱ्यांची गोष्ट कर्ण्यातून सांगितलीस. एवढं एक स्वतःच्या तोंडाने सांग. मला उत्तर पाहिजे.