उंच पाठीची खुर्ची

आमच्या कार्यालयात माणसाचा हुद्दा त्याच्या खुर्चीच्या पाठीवरून कळायचा. साहेबांच्या खुर्चीची पाठ डोक्याच्याही वर, आणि तिच्यावर दर सोमवारी बदलला जाणारा पांढरा टॉवेल. हेडक्लार्कची खांद्यापर्यंत, बिनटॉवेलची. आम्हा कारकुनांच्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेल्या, वर्षानुवर्षांच्या बसण्याने मधे खड्डा पडलेल्या. कारकून बदलून गेला की त्याचा खड्डा पुढच्याच्या वाट्याला येई.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आम्ही सगळे भाई म्हणायचो. ते जालन्यात मस्तगडला राहायचे, मीही जालन्याचाच; रोज एसटीने भोकरदनला अप-डाउन. कंबर दोघांचीही दुखायची. ती अख्ख्या कार्यालयाचीच दुखायची. त्याबद्दल बोलणं म्हणजे मे महिन्यात उकाड्याबद्दल बोलणं. पण भाईंची कळ डाव्या पायात उतरली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली गादी सरकली आहे. दर अर्ध्या तासाने उठून चाला, पाठीला नीट आधार देणारी खुर्ची घ्या, नाहीतर पुढे वाकणं कायमचं बंद होईल.

वाकणं बंद म्हणजे भाईंच्या लेखी सजदा बंद. त्यांच्या मशिदीत शेवटच्या रांगेत खुर्च्या मांडलेल्या असत, ज्यांना जमिनीवर कपाळ टेकवता येत नाही त्यांच्यासाठी.

"दिवसभर खुर्चीवर बसूनच राह्यलो की, भाऊ," ते बसमध्ये म्हणाले. "अल्लाच्या घरातबी खुर्चीवरच बसू? बिलकुल न्हाई."

उठून चालणं जमलं नाही. ते व्हरांड्यात फेरी मारून येईपर्यंत खेड्यावरून आलेला कोणीतरी रिकाम्या खुर्चीसमोर उभा राही आणि "सकाळी आल्तो तवाबी न्हवते" असं साहेबांच्या कानावर घालून येई. मग भाईंनी स्वतःची खुर्ची आणली. उंच पाठीची, काळ्या जाळीची, कमरेपाशी उशीसारखा उंचवटा असलेली. काही आठवड्यांत पायातली कळ ओसरत गुडघ्याच्या वर सरकली. "परवा पहाटं फजरच्या नमाजला पुरा सजदा केला," असं त्यांनी मला हळूच सांगितलं, बढती मिळालेला माणूस सांगतो तसं.

अडचण एवढीच झाली की लोक भाईंना साहेब समजू लागले. दारातून आत आलेला माणूस सर्वांत उंच पाठ शोधून तिलाच हात जोडायचा. साहेब सुसंस्कृत होते. स्वतः काहीच बोलले नाहीत. मोठ्या अधिकाऱ्याचा दौरा ठरला, तेव्हा हेडक्लार्क बोलला.

"साहेबांचं काही म्हणणं न्हाई, भाई. पण बराबर दिसत न्हाई. वरच्यांना वाटंल, हितं दोन साहेब हायेत."

"एक कमी करा मंग," भाई म्हणाले. सगळे हसले, हेडक्लार्कही.

चहा आला आणि चहाबरोबर तोडगाही निघाला. दुखतं कमरेत, मग डोक्यामागच्या पाठीचा उपयोग काय? तेवढी कापून टाकावी. खुर्चीही राहील आणि साहेबांचा मानही. यात चूक कोणालाच दिसली नाही, भाईंनाही नाही. वेल्डिंगवाल्याने खुर्ची खांद्याखाली कापली आणि कडा घासून परत दिली. बसल्यावर कळलं, कमरेचा उंचवटा वरच्या दांडीला ताणून बसवलेला होता. दांडी गेली तशी जाळी सैल पडली आणि उंचवटा खाली लोंबू लागला. भाई रोज सकाळी तो सुतळीने बांधायचे. दुपारपर्यंत टिकायचा.

मोठे अधिकारी आले, दारात उभं राहून भिंतीचा रंग पाहिला, नारळपाणी प्यायले आणि गेले. खुर्च्यांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

"दुसरी घ्या," मी म्हणालो.

"तीबी उंचच मिळंल. मंग तीबी कापू?"

पावसाळा सरता सरता एके दिवशी एसटीतून उतरताना भाईंची डावी चप्पल पायरीवरच राहिली. ते तसेच अनवाणी पुढे चालत गेले. मी हाक मारली, तेव्हा त्यांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं, तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. पुढे ऑपरेशन झालं. पाय बराचसा वाचला. वाकण्याचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, ते आता विसरा.

यंदा ईदला मी मस्तगडला गेलो. भाई नमाजहून परतत होते, काखेत घडीची लोखंडी खुर्ची.

"शेवटची रांग भरली होती, भाऊ," ते म्हणाले. "सगळे आपल्यासारखे टेबलवाले. पुढच्या टायमाला जल्दी जावं लागंल, जागा धरायला."

घरात जमिनीवर दस्तरखान अंथरलेला होता, त्यावर शिरखुर्म्याच्या वाट्या. भाईंनी ती खुर्ची उघडून माझ्याकडे सरकवली आणि स्वतः दुसरीवर बसले. "मी खालीच बसतो," म्हणून मी गुडघा वाकवला. कमरेतून कळ गेली, तसा उठून खुर्चीवर बसलो. भाभींनी वाट्या खालून उचलून आमच्या हातात दिल्या.