देवीला लावलेली हळद

चामराजपेटेतल्या त्या घरात नॉनस्टिकची भांडी गेली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद अंबूबाईंना झाला होता. त्या तव्याचा काळा पापुद्रा डोशाबरोबर निघून यायचा. सून शाल्मलीनं एके दिवशी तो उजेडात धरला आणि म्हणाली, "आई, हे आपण खातोय." मग तवा गेला, कढई गेली, प्लास्टिकचे डबे गेले, जुना ॲल्युमिनियमचा कुकर गेला. माळ्यावरून अंबूबाईंचा बिडाचा तवा खाली आला. निपाणीकडून लग्नात आलेला. त्याला तेल पाजताना त्या म्हणाल्या, "बघ, म्हातारी माणसं नि म्हातारी भांडी, कधी ना कधी आठवण येतेच."

"भांड्यांची आली," महांतेश म्हणाला. "माणसांचं अजून ठरायचंय." महांतेश म्हणजे त्यांचा मुलगा. यशवंतपूरच्या घाऊक बाजारात कडधान्याच्या पेढीवर हिशेब बघतो.

शाल्मली पुण्याची. ऑफिस घरूनच चालायचं, आणि स्वयंपाकघरातही ती ऑफिससारखीच बारकाईनं बघायची. पितळेच्या पातेल्यांना कल्हई करायची ठरली तर तिनं कल्हईवाल्याला कथील शुद्ध आहे का, त्यात शिसं मिसळलंय का, असं विचारून भंडावून सोडलं. तो अंबूबाईंकडे बघून कानडी वळणानं म्हणाला, "अक्का, स्वल्प समजावा ना यांना." अंबूबाई म्हणाल्या, "विचारू दे रे. आंबट ताक पितळेत कळकतं हे आमच्या आयांना ठाऊक होतं. तिला त्याच्या पुढचं ठाऊक आहे." सासू-सुनेचं असं होतं. देव्हारा सासूचा, ओटा सुनेचा, आणि मध्ये भांडण फारसं नव्हतं.

त्यात संहिता आजारी पडली. महांतेश-शाल्मलीची ही एकुलती लेक अजून बालवाडीत होती. पोट दुखतं म्हणायची, जेवायची नाही, उगाच चिडायची. चेहरा पांढुरका झाला. जंत झाले असतील म्हणून औषध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि रक्तात शिसं निघालं.

"घरात कुठून तरी येतंय," डॉक्टर म्हणाले. "लवकर शोधा. या वयात ते डोक्यावर परिणाम करतं. मूल शिकण्यात मागं पडू शकतं. तोंडात जाणारं सगळं बघा."

सगळं म्हणजे सगळं बघितलं. तिखट, हळद, मसाले, पाणी, कल्हईची भांडी, खेळण्यांचा रंग, खिडकीचा जुना रंगसुद्धा. शाल्मलीनं बारीक बारीक पिशव्या करून प्रयोगशाळेत पाठवल्या. बाजारची दळलेली हळद तिनं त्याच दिवशी बंद केली. पिवळेपणा वाढवायला त्यात शिशाचा रंग घालतात असं तिनं वाचलं होतं. महांतेशनं यशवंतपूरहून हळकुंडं आणली. अंबूबाईंनी ती फोडून, वाळवून घरच्या मिक्सरवर दळली. मिक्सरचा आवाज फार व्हायचा, शेजारची धनलक्ष्मी विचारायला यायची, "काय अक्का, लग्न काढलंय का घरात?"

प्रयोगशाळेचे कागद आले. घरातलं सगळं ठीक होतं. डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं, तर आकडा वाढला होता.

त्या दिवशी शाल्मली ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिली. दूध उतू गेलं तरी हलली नाही. अंबूबाईंनी गॅस बंद केला. त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि देवीपुढं पदर पसरला. पोरगी बरी होऊ दे, तुझ्या पायरीवर परडी भरीन. आणि रोज अंघोळ झाल्यावर संहितेच्या जिभेवर भंडाऱ्याची एक चिमूट ठेवायची त्यांची रीत होती, तिथं दुसऱ्या दिवसापासून त्या दोन ठेवू लागल्या.

हा भंडारा म्हणजे माघातल्या जत्रेत गावच्या आईच्या पायाला लावून आणलेली हळद. अंबूबाईंच्या माहेरी चालत आलेलं होतं ते. बाळाच्या कपाळी आणि जिभेवर भंडारा लागला की दिवस सुरू व्हायचा. शाल्मली रोज ते बघायची. महांतेश तर तेच खाऊन मोठा झाला होता. डॉक्टरांनी तोंडात काय जातं विचारलं तेव्हा तिघंही तिथं होते आणि तिघांनीही भंडाऱ्याचं नाव घेतलं नाही. लपवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. भंडारा स्वयंपाकघरात नसतो, देव्हाऱ्यात असतो. तो खायचा जिन्नस आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

एका शुक्रवारी अंबूबाईंनी नवी दळलेली हळद देवीलाही वाहावी म्हणून वाटीत घेतली. देवीपुढं वाटी ठेवली आणि त्या बघत राहिल्या. वाटीतली हळद मातकट, जरा नारिंगीकडं झुकलेली. शेजारच्या करंड्यातला भंडारा नव्या रिक्षाच्या पट्ट्यासारखा पिवळाधमक. दोन्ही म्हणे हळदच.

त्यांनी करंडा उचलला आणि स्वयंपाकघरात आणून ओट्यावर ठेवला.

"हेही पाठव," त्या म्हणाल्या.

शाल्मली लॅपटॉपवरून वळली. "आई, हा भंडारा आहे."

"हळदच की."

शाल्मली करंड्याकडं बघत राहिली. मग तिनं खुर्ची मागं सारली. हात धुतले, पिशवी आणली, त्यात चमचाभर भंडारा घातला. अंबूबाईंनी करंड्याचं झाकण लावलं आणि संहितेला आंघोळ घालायला गेल्या. अंघोळीनंतर पोरीनं जीभ काढली. "अज्जी, भंडाराऽ."

"आज देवीआई झोपलीय," अंबूबाई म्हणाल्या.

कागद आला तो महांतेशनं वाचला. भंडाऱ्यात शिसं होतं, आणि ते इतकं की प्रयोगशाळेनं दुसऱ्यांदा तपासून मग कळवलं होतं.

"अव्वा," तो म्हणाला, "जत्रेतला दुकानदार म्हणाला होता तुला. मी शेजारी उभा होतो. ही पूजेची आहे, खायची नाही, असं म्हणाला होता."

"म्हणाला होता."

"मग?"

"पूजेचीच होती. देवीच्या पायाला लावली. मग प्रसाद झाला." अंबूबाईंचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता. "प्रसाद खातात, महांतेश. तूही खाल्लायस. तू तिथं होतास, तूही काही म्हणाला नाहीस."

महांतेशनं कागदाची घडी घातली. शाल्मली म्हणाली, "राहू दे ना आता. डॉक्टर म्हणालेत, बंद केलं की उतरेल. हळूहळू." ती सासूशी वाईट बोलली नाही. अंबूबाईंना वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं, काहीतरी टोचलं असतं. तसं काही टोचतच नव्हतं. त्या सकाळी उठत होत्या, फुलं आणत होत्या, दिवा लावत होत्या, आरती म्हणत होत्या. ओठ हलत होते. आंघोळीच्या पाण्यात हात घातला तर पाणी गरम आहे की गार, हे त्यांना जरा उशिरा कळायचं.

आमटीला फोडणी देताना त्यांना एकदम उल्का आठवली. उल्का म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी, बनशंकरीला राहते. तिचं बाळ सहा-सात महिन्यांचं. जत्रेहून आल्यावर अंबूबाईंनी भंडाऱ्याच्या पुड्या बांधल्या होत्या आणि नात्यातल्या घरांत वाटल्या होत्या. फोडणी जळली.

"मी फोन करते सगळ्यांना," त्यांनी सांगताच शाल्मली म्हणाली.

"फोन कर, जिभेला लावू नका म्हणून सांग. पण आणायला मी जाते. दिलेला प्रसाद फोनवरून परत मागायचा नसतो."

"आणल्यावर नदीत-विहिरीत सोडू नका हं, आई. तुळशीतही नको."

"मग?"

"डब्यात बंद करून ठेवू. मी विचारते कुठं द्यायचा ते."

प्रसाद पाण्यात सोडतात, नाहीतर झाडाच्या बुंध्याशी ठेवतात. तिसरी जागा अंबूबाईंना माहीत नव्हती. त्यांनी स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा पिशवीत घातला, बसमध्ये आधार कार्ड दाखवून बायकांसाठीचं बिनपैशाचं तिकीट घेतलं आणि बनशंकरीला उतरल्या.

उल्कानं दार उघडलं. कडेवर अभिराज, तिचं बाळ. "शाल्मलीचा फोन आला. मला काही धड समजलं नाही, मावशी. भंडाऱ्यात काय आहे म्हणते ती?"

"शिसं. संहितेच्या रक्तात गेलं ते त्यातूनच. पुडी आण."

"अगं, प्रसाद कुणी परत मागतं का?"

"मी मागते. आण."

उल्का आत गेली. पुडी घेऊन आली. पुडी निम्मी झाली होती. अंबूबाईंनी ती हातात घेतली आणि वजन बघितल्यासारखी वरखाली केली.

"याला देत होतीस?"

"रोज. आंघोळ झाली की." उल्कानं बाळाला जरा घट्ट धरलं. "तूच सांगितलं होतंस ना."

"हो. मीच सांगितलं होतं."

बाळ अंबूबाईंकडं झेपावत होतं. त्यांनी त्याला घेतलं नाही. बोटांना पुडीची पिवळी पूड लागली होती. त्यांनी मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, दोनदा धुतले, पदराला पुसले नाहीत, तसेच ओले धरून बाहेर आल्या.

"उद्याच्या उद्या याचं रक्त तपासून घे. शाल्मलीला डॉक्टरांचं नाव विचार. थांबू नकोस."

"काही होईल का गं त्याला?"

"मला ठाऊक नाही," अंबूबाई म्हणाल्या. "संहितेचंही अजून ठाऊक नाही. डॉक्टर म्हणतात, उतरेल. डोक्याचं काय ते शाळेत गेल्यावर कळेल."

उल्का रडायला लागली. अंबूबाई तिच्याजवळ बसल्या. तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात आपला आहे असं त्यांना वाटेना, पण त्यांनी तो काढला नाही. उल्काचं रडणं ओसरल्यावर तिनं नाक पुसत विचारलं, "आणि मावशी, देवीला काय सांगशील?"

"तिला काय सांगायचं. तिनं कुठं खाल्ला." अंबूबाई उठल्या. पुडी डब्यात टाकली, झाकण दाबून बसवलं. "तिला नुसता लावतात. खातो आपण."

"चहा तरी घे."

"नको. अजून दोन घरं राहिलीत."

जिन्यावरून उतरताना त्यांनी कठड्याला धरलं. डब्याची पिशवी दुसऱ्या हातात, अंगापासून जरा लांब धरली होती.