शिवरामचा नाग

ओल्या रंगावर बोलायचं नाही, हा शिवरामचा कायदा होता. वर्गात कुणी त्याच्या मागे उभं राहून नुसतं "वा" म्हटलं तरी तो ब्रश खाली ठेवायचा. "वाळू दे नं गा, मंग बोल," म्हणायचा. नागपूरच्या उन्हात रंग वाळायला असा किती वेळ लागतो? पण तेवढ्यातही आमच्यासारख्या बडबड्यांचा जीव कासावीस व्हायचा.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या चित्रकलेच्या कॉलेजात तो रामटेकपलीकडच्या एका धानाच्या गावातून आला होता. मी इथल्याच धंतोलीतला, हाताने बेताचा आणि तोंडाने भारी. त्याचं नेमकं उलट. त्याच्या कागदावर कधी बोटाचा ठसासुद्धा दिसायचा नाही. आमचे सर त्याची चित्रं खालच्या वर्गांना दाखवायला न्यायचे आणि परत आणताना डाग तर पडला नाही ना, म्हणून स्वतःच घाबरलेले असायचे.

शेवटच्या वर्षी परीक्षेसाठी एक पोस्टर करायचं होतं आणि सोबत निबंध जोडायचा होता. आम्ही कुणी बचत घेतली, कुणी वृक्षारोपण. शिवरामने सर्पदंश घेतला. त्याची धाकटी बहीण सुशीला धानाच्या रोवणीच्या दिवसांत साप चावून गेली होती. घरच्यांनी तिला आधी भगताकडे नेलं. कडुलिंबाचे डहाळे आणि मंत्र यांत दिवस गेला, आणि शहरातल्या दवाखान्याच्या वाटेवरच तिने मान टाकली. शिवराम तेव्हा इथे होस्टेलवर होता. हे त्याने मला एकदाच सांगितलं, पेन्सिलीला टोक काढता काढता.

पास झाला की एका सरकारी कचेरीत पोस्टरं काढायची जागा त्याला मिळणार होती. आपलं पोस्टर गावोगाव लागावं, एवढीच त्याची हाव होती. म्हणून त्याने जीव ओतून काम केलं. काळ्या रंगावर फणा काढलेला नाग, खाली ठळक अक्षरं: 'साप चावला? आधी दवाखाना.' रंग वाळल्यावर मी सांगितलं की बघून अंगावर काटा येतो. तो खूश झाला.

निबंधात सरांनी एक अट घातली होती. ज्यांच्यासाठी पोस्टर काढलं त्यांना ते दाखवायचं आणि काय परिणाम झाला ते लिहायचं. निबंध अपुरा, तर पोस्टर नापास. आमच्यातल्या निम्म्यांनी घरबसल्याच परिणाम घडवून आणला होता. शिवराम मात्र पोस्टर गुंडाळून गावी निघाला. मीही सोबत गेलो, म्हटलं तेवढाच रामटेकचा राम पदरात पडेल.

शाळेच्या भिंतीवर आम्ही ते लावलं. माणसं जमली, गप्प उभी राहून बघत राहिली. मला वाटलं, जिंकलं. एवढ्यात त्याची आई आली. हात पदराला पुसत तिने खूप वेळ बघितलं, मग घरी जाऊन ताटली घेऊन आली. आम्हाला कळेपर्यंत तिने नागाच्या फण्यावर ओली हळद लावली, कुंकू लावलं, खाली फूल ठेवलं आणि डोकं टेकलं.

"किती साजरा काढला रे बाबू," ती म्हणाली. "आता तो राग नाई धरणार. आता कोणाची पोरगी नाई नेणार."

मागून बाकीच्या बायाही आल्या. शिवरामने बाजूला सरून त्यांना वाट करून दिली. जिची मुलगी गेली तिला तिथे उभं राहून पोस्टर समजावून सांगायची माझी छाती झाली नाही.

परतल्यावर त्याने हळद पुसायला ओला बोळा लावला, तर हळद राहिली आणि खालचा रंगच उठायला लागला. नवं करायला दिवस नव्हते. मी म्हटलं, निदान निबंध तरी नीट कर, लिहून टाक की लोक जागे झाले, कोण बघायला जातंय?

"पाह्यलं नसतं तं लिहिलं असतं," तो म्हणाला. मग मी सुचवलं, जे झालं तेच लिही, सर समजून घेतील. त्यालाही त्याने मानेनेच नकार दिला. निबंधात त्याने रंग, अक्षरांची उंची, कागदाची जात सगळं लिहिलं, आणि परिणामाची जागा कोरी सोडली.

परीक्षेला बाहेरून आलेल्या गृहस्थांनी पोस्टर लांब धरून विचारलं, हे पिवळे डाग कसले?

"रंग सांडला जी," शिवराम म्हणाला.

सरांनी चमकून त्याच्याकडे बघितलं. मी दाराशी माझ्या पाळीची वाट बघत उभा होतो. खरं सांगावं म्हणून पाऊल उचललं, तर त्याने डोळ्यांनीच मला थांबवलं. परीक्षकांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं, निष्काळजी मुलगा, असं काहीतरी पुटपुटले आणि पुढचा नंबर पुकारला.

तो नापास झाला. कचेरीतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुन्हा परीक्षेला बस म्हणून सरांनी परोपरीने सांगितलं, पण घरून धानकापणीला बोलावणं आलं होतं. त्याला पोचवायला मी बसस्टँडवर गेलो आणि इतके दिवस तोंडात धरलेलं शेवटी बोललो. हळद आईने लावली, एवढं एक वाक्य सांगितलं असतंस तर पास झाला असतास. काहून नाही सांगितलंस?

खिडकीतून त्याने माझ्याकडे बघितलं. रागावला नव्हता.

"तिची पोरगी गेली गा," तो म्हणाला. "आता तिलेच परीक्षेले बसवू का?"