टिकली लावलेला चाकू

जाधवबाई चाकू कधीही कोणाच्या हातात देत नसत. मागायला आलेला माणूस हात पुढे करून उभा राही आणि बाई शांतपणे चाकू जवळच्या स्टुलावर, जिन्याच्या कठड्यावर, काहीच नसलं तर जमिनीवर ठेवत आणि म्हणत, "ठेवलाय. उचला."

आमची पहिली भेट अशीच झाली. नाहूरच्या त्या इमारतीत आम्ही राहायला आलो, तेव्हा टेम्पोवाल्यांनी सगळं सामान सुतळीने करकचून आवळलं होतं आणि सुऱ्या-कात्र्या नेमक्या त्याच खोक्यांपैकी कुठल्यातरी एकात होत्या. माझा नवरा दातांनी गाठ सोडवायला बसला होता. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. साठीच्या आसपासची, उंच, चष्मा कपाळावर सरकवलेली एक बाई बाहेर आली, त्याच्याकडे बघून म्हणाली, "दात राहू द्या, पुढे लागतील," आणि कुर्त्याच्या खिशातून एक लाल चाकू काढून आमच्याच चपलांच्या खोक्यावर ठेवला. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. "हातात दिला की भांडण होतं म्हणतात," त्या म्हणाल्या. "आपली तर अजून ओळखसुद्धा नाही."

मला वाटलं, बाई जुन्या वळणाच्या दिसतात. ते साफ चुकीचं निघालं. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. मुहूर्त, ग्रहण, आडवं गेलेलं मांजर यांपैकी कशालाही त्या भीक घालत नसत. मग चाकूचंच काय, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी सांगितलं की खाली ठेवलेली वस्तू माणूस बघून उचलतो, पातं उघडं आहे की मिटलेलं ते त्याला दिसतं, बोटं शाबूत राहतात. मला हे पटलं. तरी पुढे म्हणाल्याच, "आणि भांडणाचं म्हणशील तर उगाच परीक्षा कशाला घ्या?"

त्या मरोळच्या एका वजनकाट्यांच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळायच्या. तिथे एका वर्षी परदेशी पुरवठादाराकडून सगळ्यांना डायऱ्या आल्या, त्या बाईंपर्यंत येईतो संपल्या, म्हणून त्यांच्या वाट्याला हा चाकू आला. बोटाएवढा लांब, पण दोन्ही बाजूंनी हत्यारं ठासून भरलेली. मोठं पातं, लहान पातं, कात्री, करवत, स्क्रूड्रायव्हर, डबा उघडायचं, बूच काढायचं, मासळीचे खवले काढायचं, भिंग, चिमटा. बाकीच्यांनी असली भेट शोकेसमध्ये ठेवली असती. बाईंनी शिंप्याला बोलावून आपल्या प्रत्येक कुर्त्याला उजवीकडे खिसा लावून घेतला.

पण तो खिसा ओढला जायला लागला. चाकू जड होता. आता यातलं काय लागतं आणि काय नाही हे ठरवायचं कसं? बाईंनी टिकल्यांचं पाकीट काढलं. प्रत्येक हत्यार बाहेर ओढायला नखाची खाच असते, तिच्यावर एकेक बारीक लाल टिकली चिकटवली. हत्यार वापरलं की टिकली निघणार. वर्षभरात ज्याची टिकली हलली नाही ते हत्यार चाकूतून बाहेर. इतका साधा हिशेब. मी हसले तर म्हणाल्या, "आपण म्हणतो हे लागतं, ते लागतं. टिकली खोटं बोलत नाही."

बूच काढायचं आधी गेलं. आपल्याकडे बुचाच्या बाटल्या येतात कुठे, असा त्यांचा सवाल होता. खवले काढायचंही गेलं, कारण मुलुंडच्या बाजारात त्यांची ठरलेली कोळीण होती, भारतीताई; ती मासळी साफ करून द्यायची आणि तिच्यासमोर खिशातून हत्यार काढणं म्हणजे तिचा अपमान झाला असता. मग करवत गेली, डबा उघडायचं गेलं, भिंग गेलं. काढायचं काम कारखान्यातले इस्माईलभाई करत. त्यांनी रिवेट ठोकून काढले, त्याजागी बारीक स्क्रू बसवले आणि गेलेल्या हत्याराची जागा भरायला पितळेची पट्टी घासून घातली. दरवर्षी बाई गेल्या की ते डोक्याला हात लावत. "मॅडम, ऐसे तो सिर्फ हँडल बचेगा," असं ते म्हणत, आणि बाई ते आम्हाला हुबेहूब त्यांच्या आवाजात करून दाखवत.

एक गोष्ट मात्र टिकलीच्या नियमात बसत नव्हती. मोठं पातं त्या सर्रास वापरायच्या आणि तरी ते त्यांनी काढून टाकलं. झालं होतं असं की वॉचमनच्या बायकोने पोत्याची शिवण उसवायला चाकू मागितला, बाईंनी मोठं पातं उघडून समोर ठेवलं आणि ती बिचारी दोन पावलं मागे सरली. बाईंना ते फार लागलं. मागायला आलेल्या माणसाला भीती वाटत असेल तर ते हत्यार घरात राहू दे, खिशात नको, असं त्यांनी ठरवलं. राहिलं काय, तर लहान पातं, कात्री, स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा. एवढ्यावर आमची अख्खी इमारत चालायची. पार्सलं उघडायची, मिक्सरच्या प्लगचा स्क्रू आवळायचा, नव्या कपड्याचं लेबल कापायचं, बागेतल्या बाकड्याची सल बोटातून काढायची, सगळ्याला जाधवबाई. माझ्या सईच्या तळव्यातली सल काढताना त्यांनी तिच्याशी तिच्या वर्गातल्या भांडणांबद्दल इतक्या गंभीरपणे चर्चा केली, की सल निघाल्याचं पोरीला कळलंही नाही.

त्यांचं बघून मलाही हौस आली. मी पवईला ऑफिसजवळच्या दुकानातून एक चाकू आणला, चांगला जाडजूड, सगळं काही असलेला. मोठ्या कौतुकाने त्यांना दाखवला. त्यांनी तो तळहातावर तोलला आणि विचारलं, हा खिशात ठेवणार आहेस की याच्यासाठी वेगळी पिशवी घेणार आहेस? मी ओशाळले. मग मात्र त्यांनी मला खुर्चीवर बसवून नीट सांगितलं. "चाकूत काय काय आहे ते बघू नकोस गं. गेल्या आठवड्यात तुझं कुठे कुठे अडलं ते आठव. तेवढंच घे." मी आठवून बघितलं. माझं जिथे जिथे अडलं होतं तिथे तिथे मी समोरचं दार वाजवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी चाकू परत करून आले.

मिस्टर गेल्यावर बाई एकट्याच राहायच्या. मुलगा प्रशांत ऑस्ट्रेलियात. तो दर सुट्टीत येऊन, आई तिकडे चल, म्हणायचा आणि बाई टाळायच्या. मग एके दिवशी त्या बाथरूममध्ये पडल्या, मनगटाला प्लास्टर लागलं, तेव्हा टाळणं संपलं. फ्लॅट भाड्याने द्यायचा, दोन बॅगा भरायच्या आणि निघायचं असं ठरलं. मला त्या म्हणाल्या, "तिकडे सगळं बटणावर चालतं म्हणे. माझ्या दारावर कोण येणार, आणि कशाला?" आजारपणाची, थंडीची, इंग्रजीची त्यांना काळजी नव्हती. फक्त याची होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले की तिकडेही माणसंच राहतात. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

घर आवरायला त्यांनी तीच पद्धत लावली. कपाटांच्या दारांवर, फटीवर, टिकल्या चिकटवल्या. महिनाभरात जे दार उघडलं नाही त्यातलं सगळं देऊन टाकायचं. भराभर भांडी गेली, पलंगपोस गेले, दिवाळीला मिळालेले काचेचे सेट गेले. मी मदतीला जायची तेव्हा मिस्टरांच्या कपाटावरची टिकली रोज जागच्या जागी दिसायची. महिना संपला त्या दिवशी गेले तर ती तिथे नव्हती. दार मात्र बंद होतं आणि बाई खाली बघत चादरींच्या घड्या करत होत्या. त्याच म्हणाल्या, "मीच काढली. नियम माझा आहे, मोडायचा तर मीच मोडणार." त्यांच्या दोन बॅगांपैकी एकीत तळाशी सहा जुने शर्ट गेले.

विमान दुपारचं होतं. अंधेरीला विमानतळावर मीच त्यांना सोडायला गेले. बॅगा ट्रॉलीवर चढवल्या, पासपोर्ट हातात घेतला आणि आत शिरायच्या दाराशी बाईंनी सवयीने खिसा चाचपला. चाकू खिशातच होता. पडतानाही अंगावर, प्लास्टरमध्येही अंगावर, तसाच आताही. इतकी मोजूनमापून आवराआवर करणारी बाई, आणि खिशातली वस्तू बॅगेत टाकायची विसरली. कारण ती वस्तू कुठे ठेवायची असते हे त्यांना नव्याने सुचणंच शक्य नव्हतं. मी म्हटलं, काही बिघडलं नाही, मोठ्या बॅगेला आवळलेली प्लॅस्टिकची पट्टी कापू, चाकू आत टाकू, ती बॅग विमानाच्या पोटात जाते, तिथे चालतं, फक्त अंगावर चालत नाही.

त्यांनी चाकू काढला. पट्टीवर पातं टेकवलंसुद्धा. मग थांबल्या, पातं मिटलं आणि चाकू ट्रॉलीच्या कठड्यावर ठेवला. मला कळलं, आणि मी उचलायला तयार नव्हते. मी म्हटलं, तो तुमचा आहे, तुम्ही न्या. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते, लोक आम्हाला वळसा घालून जात होते. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वतःच चाकू उचलला, माझा हात धरला, तळहात उघडला आणि त्यावर ठेवून माझी बोटं मिटवली.

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा कोणाच्या हातात चाकू दिला होता.

"होऊ दे भांडण," त्या म्हणाल्या. "भांडायला तरी फोन करशील."

आणि ट्रॉली ढकलत आत गेल्या. मला रडू आवरलं नाही, आणि डोळे पुसायला जो हात वर केला त्यात चाकू होता.

आता समोरच्या फ्लॅटमध्ये दोन मुली भाड्याने राहतात आणि इमारत माझं दार वाजवते. मी चाकू खाली ठेवते आणि उचला म्हणते. दर रविवारी बाईंचा फोन येतो, आणि त्या कशी आहेस वगैरे विचारत नाहीत. या आठवड्यात कोणी काय मागितलं ते विचारतात. मी सगळं साग्रसंगीत सांगते. परवा मात्र आमचं जुंपलं. वर्ष झालं होतं आणि चिमट्यावरची टिकली तशीच होती. सई मोठी झाली, आता कोणाला सल लागत नाही. बाई म्हणाल्या, काढून टाक, नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, काढणार नाही. त्या चिडल्या, मीही आवाज चढवला, आणि शेवटी मी नखाने टिकली उचकटली आणि म्हणाले की चाकू आता माझा आहे आणि टिकली मीच काढली.



"बरं," बाई म्हणाल्या. "राहू दे मग. आणि पुढच्या रविवारी परत भांड."