चाळिसावं टोकन

बँक माझ्या दुकानासमोरच. मी शिंपी, शिवायला बसलो की काचेतून तीन नंबरची खिडकी दिसते. त्या खिडकीत सव्वीस वर्षं एकच बाई, अख्ख्या गल्लीच्या ताई. पूर्वी खिडक्या सहा होत्या आणि रांग पार माझ्या पायरीपर्यंत. मग कॉम्प्युटर आले, पासबुक छापायचं यंत्र आलं, पैसे भरायचं आलं, आणि एकेक खिडकी मिटत गेली. साहेब म्हणतात, आता एक माणूस तिघांचं काम करतो. उरलेल्या दोघांचं काय, असं विचारलं की साहेबांना नेमका फोन येतो.

ताईंच्या गळ्यात दोन कामं मारली होती. रोज पाच गिऱ्हाइकांना यंत्र शिकवून त्यांची नावं वहीत लिहायची. आणि खिडकीवर रोज चाळीस टोकनं झालीच पाहिजेत. एक दिवस जरी आकडा खाली गेला तरी खिडकी बंद आणि ताईंची बदली आठ तासांवरच्या शाखेत. आता मला सांगा, जो यंत्र शिकला तो खिडकीवर कशाला झक मारायला येईल? इकडे आड, तिकडे विहीर. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याला दुपारी भरवायला ताई धावत जायच्या. नोकरी सोडावी, तर पेन्शनला दीड वर्ष कमी.

त्यात बाई शिकवायच्या जीव ओतून. एकदा शिकलेला माणूस परत खिडकीकडे फिरकायचा नाही.

मग आम्हीच डोकं चालवलं. न्हावी, किराणावाला, पंक्चरवाला आणि मी, रोज काहीतरी फुटकळ काम काढून टोकन घ्यायचो. मी तर ठार ढ असल्याचं सोंग घेतलं. बायको म्हणाली, त्यात सोंग ते काय. सात महिने निभावलं. पण त्या मेल्या कॉम्प्युटरला सगळं दिसतं. त्यानं आमची यादीच साहेबांच्या हातात ठेवली. यांना आधी शिकवा, असा हुकूम सुटला.

त्या दिवशी बँक बंद व्हायला दोनच मिनिटं होती आणि खिडकीवर आकडा एकोणचाळीस. मी शिवण टाकून पळालो. टोकनाच्या बटणावर बोट ठेवणार, तोच ताई बाहेर आल्या. मागे साहेब उभे. ताईंनी मला यंत्रापाशी नेलं. मी सवयीनं चुकीचं बटण दाबलं, डोकं खाजवलं.

ताई हळूच म्हणाल्या, "दादा, सव्वीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नावं ठेवली नाहीत. आता तुमच्यापायी नको."

राग आला मला. साहेबांचा आला, यंत्राचा आला आणि खरं सांगतो, ताईंचाही आला. एवढं चोख काम करायचंच कशाला माणसानं? पण ताई वही उघडून, पेन धरून माझ्याकडेच बघत होत्या. मी नोटा सरळ करून आत सरकवल्या, बटणं बरोबर दाबली. पावती बाहेर आली.

"शाब्बास," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी वहीत पाचवं नाव लिहिलं. माझं. खिडकीवर आकडा एकोणचाळीसच होता.