शुक्रवारचं ऊन

सासूबाईंना दमा होता आणि आमच्या डाइंगची, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याची, भट्टी त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, धूर बंद करा, नाहीतर माझ्याकडे आणू नका. गच्चीवर सोलरच्या पेट्या बसवून पाणी तापवायचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं ते तेव्हा. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे, त्यामुळे ऊनसुद्धा माझ्याच गळ्यात पडलं.

प्रश्न एवढाच होता, सुताला रंग धरायला पाणी जितकं गरम लागतं तितकं ते उन्हावर होईल का. नवऱ्याने ओळखीत एक मीटर मिळवला. तो ऊन मोजायचा आणि मी हिशेब मांडायचे: सरासरी किती, आकडे तिच्याखाली किती घसरतात, किती दिवस पाणी कोमटच राहील. आकडे सगळे एकसारखे, शहाण्या मुलांसारखे.

"अहो, इतके सारखे कसे?"

"भिवंडीत ऊन तेवढं बिनभेसळीचं मिळतं," तो हसला.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गवंडी सांगून टाकला. भट्टी पाडून तिच्या जागी टाकी बसायची होती.

आणि मग एका मंगळवारी मी गच्चीवर गेले. आभाळात ढगाचा ठिपका नाही. सहज मीटरकडे पाहिलं, तर काटा आमच्या सगळ्यात कमी आकड्याच्याही खाली! मीटर पुसला, फिरवला, काही फरक नाही. मग मान वर केली. चारी बाजूंनी सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या चिमण्या धूर ओकत होत्या आणि सूर्य गढूळ पाण्यात बुडाल्यासारखा दिसत होता. गच्चीवर रोज रंगवलेल्या सुताच्या लड्या वाळत असतात. गच्ची मोकळी मिळते फक्त शुक्रवारी, भिवंडीची सुट्टी असते तेव्हा. लूम बंद, सायझिंग बंद, चिमण्या बंद. माझ्या नवऱ्याने महिनोन्महिने फक्त शुक्रवारचं ऊन मोजलं होतं!

"आपली भट्टी गेली की धूर कमी होईलच ना," मी खाली येऊन सांगितलं तेव्हा तो म्हणाला.

"आणि शेजाऱ्यांच्या चिमण्या काय तुमच्या मीटरला घाबरून विझणार आहेत?"

पुढचे दिवस लड्या बाजूला सारून मी रोज मोजलं. मनात एकच आस, कसंही करून हे खोटं ठरावं. ठरलं नाही. हिशेब नव्याने मांडला, तर चारातला एक दिवस पाणी कोमट.

गवंडी आला तेव्हा बाबा अंगणात उभे होते. नवरा माझ्याकडे बघेना. मीच सगळं सांगितलं.

बाबांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे चारात एक दिस रंग फाटनार? पार्टी माल तोंडावर फेकंल. भट्टी ऱ्हाऊ दे. थांब रे!"

गवंड्याने घण खाली ठेवला. मला स्वतःचाच राग आला. खरं बोलून मी सासूबाईंना पुन्हा त्या धुरात ढकललं होतं.

त्या दारात येऊन उभ्या होत्या. चौकटीला धरून, थांबत थांबत त्यांनी मला विचारलं, "कोमट पानी... सकालीच कलंल का?"

"दुपारपर्यंत कळेल, आई."

"मंग त्या दिशी रंगवू नका."

"आन पार्टीला काय सांगू?" बाबा ओरडले.

"सांगा, बायको मेली." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाल्या, "न्हायतर पुढल्या वर्साला खरंच सांगाल."

बाबांनी एकदा भट्टीकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी तो घण स्वतःच उचलला. आता गवंड्याला देऊन घरी पाठवणार, असंच मला वाटलं.

"तू आत जा," ते सासूबाईंना म्हणाले. "धूळ उडंल."

त्या गेल्या नाहीत. नाकाला पदर लावून तिथेच उभ्या राहिल्या.